दरीकडे जमा

सूप मांडीवर, कातर उजव्या हाताला,
आणि सत्तेम्मा विचारते, काय पाह्यलंस गं तिकडं?
तिचा गुडघा धरला होता, ती आली नव्हती.

सांगते. आधी ही पानं पुसू दे.

मौलाच्या गाडीत आम्ही सतराजणी,
कुंभारीच्या घरकुलातून संध्याकाळी निघालो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, खिडकीतून गरम वारा.
पहाटे कधीतरी घाट लागला
आणि बालव्वाला उलट्या.
जन्मभर सपाटीवर वावरलेल्या पोटाला
वळण म्हणजे काय ते कळेना.

वर चिखलदऱ्याला गारवा. मे महिन्यात!
इथं तुम्ही चव्वेचाळीसात भाजत होता,
तिथं मी पदर कानांवरून घेतला.

पॉइंट म्हणजे, सत्तेम्मा, एक कठडा,
कठड्याला टेकून कणसं भाजणारा एक माणूस,
आणि पुढं काहीच नाही.
एवढं मोठं काहीच-नाही मी पाह्यलं नव्हतं.
आपल्याकडं नजर जाते ती जातेच,
अडवायला कुणी नाही म्हणून.
तिथं ती पडते.
खाली, झाडांच्या डोक्यांवर,
आणि वर यायला फार वेळ लावते.

पोरी फोटो काढत होत्या.
मला गरगरलं, म्हणून शेजारची फांदी धरली
आणि अंगठा थबकला.

डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळलं.
ती मागची लव, ती मधली शीर.
छत्तीस वर्षं ओल्या गोणपाटातून काढते तेच.
तुनिकाकु!
हिरवं. देठाला धरून. वाऱ्यावर हलणारं.
पान पोत्यात उगवतं असं काही मी समजत नव्हते,
पण झाड असं मनात कधी उभंच केलं नव्हतं.

“टेंभुर्णी आहे, मावशी,” वाट दाखवणारा पोरगा म्हणाला.
बेठेकर आडनाव त्याचं.
मला हसू आलं. आमची टेंभुर्णी म्हणजे
पुण्याच्या रस्त्यावरचा स्टँड, एसटी थांबते तो.

त्यानं एक फळ दिलं. पिवळं, चिकट, गोड.
आई तीनला उठून रानात जाते, म्हणाला,
पन्नास पानांचा एक पुडा, मोजून.
म्हटलं, तिला सांग,
पानाला भोक असलं की माझी मजुरी कापतात.
म्हणाला, तिचीपण.

आणि हे मोठं झाड, म्हणाला, काही कामाचं नाही,
पान जाड होतं.
कोवळं पान हवं तर झुडूप छाटत राहायचं,
झाड होऊ द्यायचं नाही.

मी काही बोलले नाही.
एक कणीस घेतलं. तिखट जास्त लावलं होतं.

शेवटी एका कड्यावर नेलं, तिथं डोंगर बोलतात.
एक हाक मारली की पाच परत येतात.
कुणी नवऱ्याचं नाव घेतलं,
कुणी देवाचं, रेणुकानं तर मुकादमाला शिवी दिली,
पाचही डोंगरांनी ती नीट पोचवली.
माझ्या तोंडात दुसरं काही येईना.
मी ओरडले, हजार!
हजार, म्हणाला पहिला.
हजार. हजार. हजार.
पाचवा इतका हळू, की वळून झोपी गेलेल्या बाईसारखा.

पाच हजार, सत्तेम्मा!
पान न भिजवता, सूत न गुंडाळता,
कंबर एवढीसुद्धा न मोडता.

काल कारखान्यात चेकरनं
माझ्या सुपातल्या बेचाळीस बिड्या छाटात टाकल्या.
तोंड नीट मिटलं नाही म्हणे.
मी वहीत अंगठ्याशेजारी सही करत म्हटलं,
घ्या कापून. माझे तिकडे जमा आहेत.
कुठं, म्हणाला.
मी हात केला, अक्कलकोट रोडच्या पल्याड,
जिकडं काहीच दिसत नाही.

ते बी मात्र कुठं ठेवलं ते आठवत नाही.
पदराच्या गाठीत होतं.
बघ गं, तुझ्या पानांत पडलंय का.